पावसाचा सामू ६.५ आला, म्हणजे हवा स्वच्छ का?



जून लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. "पहिल्या पावसात मुलांना भिजू देऊ नका, ॲसिडचा पाऊस आहे, त्वचा जळते." आणि जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या प्रकल्पवहीत दुसरं वाक्य ठरलेलं असतं. मुलं बाटलीत पावसाचं पाणी धरतात, त्यात पीएच पेपर बुडवतात, रंग पट्टीवर ६ आणि ७ च्या मध्ये कुठेतरी जुळतो, आणि मग निष्कर्ष लिहितात : "आमच्या परिसरातील पाऊस आम्लधर्मी नाही, म्हणून आमच्या परिसरातील हवा शुद्ध आहे."

मेसेज चुकीचा आहे. पण वहीतला निष्कर्ष त्याहून जास्त चुकीचा आहे, आणि त्यावर आपण लाल पेनने "छान" लिहून देतो.

मेसेजचं आधी उरकून टाकू. पावसाचा सामू अगदी ५ आला तरी त्याने कातडी जळत नाही. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो आणि तो आपण सरबतातून मुलांना देतो. बिनदुधाचा चहा साधारण ५ चा. मुलं पावसात भिजून आजारी पडली तर ती ओल्या कपड्यांत बसल्यामुळे किंवा साथीमुळे, आम्लामुळे नाही. आम्लपाऊस नुकसान करतो ते तळ्यांचं, मातीचं, झाडांचं, दगडी इमारतींचं, आणि तेही वर्षानुवर्षं साचत जाऊन. माणसाला त्रास होतो तो ज्या वायूंपासून आणि कणांपासून हे आम्ल तयार होतं ते श्वासातून आत गेल्यावर. पहिल्या पावसात छपरावरचं पाणी पिण्यासाठी साठवू नये हे मात्र खरं. त्याचं कारण छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण.

आता मुख्य विषय. आठवीच्या सामान्य विज्ञानात प्रदूषणाच्या धड्यात मुलं आम्लवर्षा शिकतात, पण प्रकल्प आपण पाचवीपासूनच द्यायला लागतो. म्हणून प्राथमिकच्या शिक्षकांनाही हे नीट माहीत हवं असं मला वाटतं.

सामूने काय कळतं आणि काय कळत नाही

अगदी स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा ७ सामूचा नसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळतो, थोडं कार्बोनिक आम्ल होतं, आणि सामू ५.६ च्या जवळपास येतो. म्हणून आम्लपाऊस म्हणताना सर्वसाधारण रेघ ५.६ ला मारतात, ७ ला नाही. कोळसा आणि जड तेल जळल्यावर निघणारा सल्फर डायऑक्साइड, आणि गाड्या, बॉयलर, वीज केंद्रं यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत फिरता फिरता सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लात बदलतात. ते पावसात उतरलं की सामू ५.६ च्या खाली जायला हवा.

मग आपल्याकडे इतके कारखाने, इतक्या गाड्या असताना पट्टी ६.५ का दाखवते?

वर्गात हे दाखवायला सोपं आहे. एक ग्लास पाणी घ्या, त्यात लिंबू पिळा, निळा लिटमस बुडवा, लाल होईल. आता चिमूट चिमूट खाण्याचा सोडा टाकत जा. फसफसेल, आणि एका टप्प्यावर लिटमस काहीच बोलणार नाही. मुलांना विचारा, "लिंबू गेलं कुठे?" कुठेच गेलं नाही, ते ग्लासातच आहे. फक्त सोड्याने त्याचा आंबटपणा मारला. लिटमस तुम्हाला लिंबू आणि सोडा यांच्या कुस्तीचा निकाल सांगतो. आखाड्यात दोन्ही पैलवान किती किलोचे उतरले होते ते सांगत नाही.

आपल्या हवेत सोड्याचं काम धूळ करते. आपल्या जमिनीच्या मातीत कॅल्शियमचे क्षार असतात, ते धुळीबरोबर वर जातात. बांधकामाचं सिमेंट, रस्त्याची धूळ, पारसिक डोंगराच्या कडेने वर्षानुवर्षं चाललेल्या दगडखाणींची भुकटी, हे सगळं त्यात आलं. शिवाय शेतीतून, गुरांपासून, सांडपाण्यातून आणि काही कारखान्यांतून निघणारा अमोनिया. तोही आम्ल मारतो. म्हणजे नवी मुंबईत एखाद्या दिवशी पावसाचा सामू चांगला येतो तेव्हा हवा स्वच्छ असू शकते, किंवा आम्लही भरपूर आणि धूळही भरपूर अशी दुप्पट घाण असू शकते. पट्टी दोन्ही वेळा एकच रंग दाखवेल.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, काही दशकांपूर्वीच पावसाच्या पाण्याचं रसायन तपासायला घेतलं. चेंबूर, कल्याण, पुणे, पुढे सिंहगड, अशा जागांचे नमुने त्यांनी अभ्यासले. चेंबूरला, रिफायनरी आणि खत कारखान्याच्या शेजारी, पावसाचा सामू ५.६ च्या खाली मिळाला, कारण तिथे आम्लाने धुळीला मात दिली. पुण्यात मात्र मातीच्या धुळीमुळे सामू वर राहिला. मुंबईच्या पावसातलं समुद्री मीठ किती आणि प्रदूषण किती, यावरचं संशोधन तर १९७६ सालीच आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं आहे.

देशपातळीवर भारतीय हवामान विभागाची दहा केंद्रं आहेत : श्रीनगर, जोधपूर, प्रयागराज, मोहनबारी, विशाखापट्टणम, कोडाईकनाल, मिनिकॉय, पोर्ट ब्लेअर, आणि आपली नागपूर व पुणे. इथे पावसाचे नमुने धरून त्यातले घटक मोजले जातात. हवामान विभाग आणि आयआयटीएम यांनी १९८७ ते २०२१ एवढ्या मोठ्या काळाच्या नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी सामू हळूहळू खाली येताना दिसला. जोधपूर, श्रीनगरकडे थरच्या वाळवंटाची धूळ सांभाळून घेते. विशाखापट्टणमला मात्र पाऊस आम्लाकडे झुकलेला आहे. या दहांत कोकणपट्टीतलं एकही नाही, हे नकाशावर बोट ठेवून मुलांना दाखवता येईल.

सोसायटीची टाकी

आता थोडं पुढे जाऊ. "पावसातलं सल्फेट मोजून करायचं काय?" हा प्रश्न मला एका पालकांनी विचारला होता, आणि प्रश्न रास्त आहे. हवा मोजायला यंत्रं आहेतच की. ऐरोली, महापे, नेरूळ इथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची सतत मोजणारी केंद्रं आहेत, 'समीर' ॲपवर आकडा दिसतो. पावसाच्या बादल्या कशाला?

यासाठी तुमच्या सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीत वरून पाणी येतं, खालून जातं, आणि आत पातळी असते. हवेचंही तसंच. गाड्या, कारखाने, कचरा जाळणं हे आत येणारं पाणी. पाऊस धुऊन नेतो आणि कोरडे कण जमिनीवर, पानांवर बसतात, ते बाहेर जाणारं पाणी. ऐरोलीचं यंत्र मोजतं ती फक्त पातळी.

हवेच्या गुणवत्तेचं मॉडेल म्हणजे या टाकीचा संगणकावरचा हिशेब. प्रदेशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात किती धूर निघतो याची यादी भरायची, वारा कुठून कुठे जातो ते हवामानाच्या गणितातून घ्यायचं, हवेत काय रासायनिक बदल होतात ते सोडवायचं, आणि शेवटी किती खाली पडलं ते वजा करायचं. मुंबई-नवी मुंबईसाठी २०१५ साली सुरू झालेली आयआयटीएमची 'सफर' सेवा उद्याचा अंदाज देते तो अशाच हिशेबातून.

आता पाचवीचं गणित. समजा, पावसाळ्यातल्या एका दिवशी हवेत खरोखर १० भाग प्रदूषण सोडलं गेलं आणि पावसाने ७ भाग धुऊन नेलं. हवेत राहिले ३. मॉडेलमध्ये मात्र आपण धुराची यादी अपुरी भरली आणि ६ च धरले. शिवाय पावसाने धुऊन नेण्याचं प्रमाणही कमी, ३ च धरलं. ६ वजा ३, उत्तर ३. यंत्राने मोजलेली पातळी ३, मॉडेलची पातळीही ३. सगळे खूश, मॉडेल पास!

दोन चुका झाल्या, पण दोघींनी एकमेकींना झाकलं. परीक्षेत असं होतं ना, मूल दोनदा चुकतं आणि उत्तर बरोबर येतं? आपण पायऱ्या बघितल्या नाहीत तर पूर्ण गुण देऊन बसतो.

ही चूक बाहेर कधी येते? डिसेंबरात. पाऊस थांबला, ती धुऊन नेणारी वाट बंद झाली. आता खऱ्या हवेत १० साचतात आणि मॉडेल सांगतं ६. (वारा आणि कोरडं बसणं मी इथे सोडून दिलंय, तेही चालू असतंच. मुद्दा कळण्यापुरतं गणित आहे.) आणि डिसेंबर म्हणजे काय? आपला क्रीडा सप्ताह, मैदानी स्पर्धा, स्नेहसंमेलनाचा सराव, मैदानावर तास-दोन तास धावणारी मुलं. उद्याचा आकडा 'समाधानकारक' म्हणून आपण सकाळी सातला खो-खो ठेवायचा आणि दमा असलेल्या मुलाने इनहेलर शोधायचा. पावसाळ्यातलं सल्फेट मोजण्याचा संबंध हिवाळ्यातल्या खोकल्याशी आहे तो असा.

पावसाचा नमुना ही दुसरी चूक पकडतो. बादलीत ७ भाग सापडले आणि मॉडेल म्हणतंय ३, तर कुठेतरी गडबड आहे हे लगेच कळतं. हवेचं यंत्र आणि पावसाची बादली दोन्ही मिळून हिशेबाच्या पायऱ्या तपासतात. एकट्या यंत्राला ते जमत नाही.

आपल्या वाऱ्याची वाट

नवी मुंबईपुरतं बोलायचं तर हा प्रश्न आणखी अवघड आहे, आणि म्हणूनच आणखी रंजक. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. नकाशावर त्याच्या वाटेवर बोट फिरवा : अरबी समुद्र, मुंबई शहर, मग ट्रॉम्बे-चेंबूरचा पट्टा, जिथे रिफायनऱ्या, खत कारखाना, वीज केंद्र. मग ठाण्याची खाडी. खाडी ओलांडली की वाशी, सानपाडा, नेरूळ, म्हणजे आपण. आपल्यामागे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, पूर्वेकडे तळोजा एमआयडीसी, मग पारसिकचा डोंगर, कल्याण-डोंबिवली, बदलापूर, आणि शेवटी सह्याद्रीची भिंत. नेरूळच्या बादलीत पडलेलं सल्फेट कुणाचं? समुद्राचं, ट्रॉम्बेचं, की आपल्याच एमआयडीसीचं? आणि आपण सोडलेलं कुणाच्या अंगणात पडलं?

समुद्राचा वाटा वेगळा काढण्याची एक युक्ती आहे आणि ती त्रैराशिकाच्या पलीकडची नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि सल्फेट यांचं प्रमाण जगभर जवळजवळ ठरलेलं आहे. वजनाने बघितलं तर सोडियमच्या साधारण एक चतुर्थांश सल्फेट. पावसातलं बहुतेक सोडियम समुद्राचं असतं. समजा, एका नमुन्यात लिटरमागे ४ मिलिग्रॅम सोडियम निघालं आणि २.२ मिलिग्रॅम सल्फेट. (आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.) ४ चा चौथा भाग १. म्हणजे १ मिलिग्रॅम सल्फेट समुद्राचं, उरलेलं १.२ दुसऱ्या कुणाचं तरी. मॉडेलची तुलना त्या १.२ शी करायची. समुद्रकाठच्या शहरात हे वजा केलं नाही तर कारखान्यांवर समुद्राचं खापर फुटतं. कॅल्शियमही असंच बोलतं : ते भरपूर निघालं आणि मॉडेलमध्ये मातीची धूळच धरलेली नसेल, तर मॉडेलचा सामू खऱ्यापेक्षा खाली येणार हे नक्की.

दुसरी गोष्ट पावसाच्या मोजमापाची. मॉडेलने त्या चौकोनात पाऊसच निम्मा धरला असेल तर खाली पडलेलं सल्फेटही निम्मं दिसेल. त्यात रसायनशास्त्राचा दोष नाही. घाटमाथ्याचा पाऊस मॉडेलांना नीट जमत नाही हे आपण दरवर्षी अनुभवतो. म्हणून अमेरिकेत मॉडेलचं ओलं निक्षेपण, म्हणजे पावसातून खाली पडलेलं प्रदूषण, आधी खऱ्या मोजलेल्या पावसाच्या प्रमाणात दुरुस्त करतात आणि मगच बाकीची चूक शोधतात. त्यांच्याकडे १९७८ पासून पावसाचे नमुने धरणारं देशव्यापी जाळं आहे.

त्याच जाळ्याची एक गोष्ट मला फार आवडते. अमोनिया कुठून किती निघतो याची यादी बनवणं महाकठीण. शेत, गोठा, उकिरडा यांना चिमणी नसते, मीटर कुठे लावणार? तिथल्या शास्त्रज्ञांनी उलटा रस्ता धरला. पावसातलं अमोनियम मोजलेलं होतंच. त्यांनी विचारलं, "मॉडेलमध्ये कोणत्या महिन्यात किती अमोनिया सोडला तर पावसातले आकडे जुळतील?" २००३ साली हे काम प्रसिद्ध झालं. निघालं असं की उन्हाळ्यात अमोनिया खूप निघतो आणि थंडीत फार कमी, वर्षभर सारखा धरणं चूक आहे. उत्तरावरून प्रश्न शोधायचा. आपण भागाकाराचा ताळा गुणाकाराने करतो तसंच.

युरोपात तर याच्यावर करार उभे राहिले. 'ॲसिड रेन' हा शब्द रॉबर्ट अँगस स्मिथ या मँचेस्टरमध्ये काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाने १८७२ च्या पुस्तकात वापरला, पण पुढची शंभर वर्षं तो स्थानिक त्रास समजला गेला. नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांतले मासे मरायला लागले आणि तो धूर दुसऱ्या देशांतून येतो असं म्हणायची वेळ आली, तेव्हा पुरावा लागला. कुणाचा धूर कुणाच्या तळ्यात, हे एकटी बादली सांगू शकत नाही आणि एकट्या मॉडेलवर कुणी विश्वास ठेवत नाही. १९७७ पासून युरोपभर एकाच पद्धतीने मोजमाप आणि त्याच्या जोडीला मॉडेल सुरू झालं, १९७९ ला देशांदेशांत करार झाला, आणि १९८५ ला हेलसिंकीत गंधक ३० टक्क्यांनी कमी करायचं ठरलं.

कोरडं पडलेलं मोजायला मात्र बादली कमी पडते. पानावर, मातीवर, भिंतीवर वायू चिकटतो तो बादलीत कसा येणार? तिथे मॉडेलचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून आता पाऊस मोजमापातून आणि कोरडा भाग दुरुस्त केलेल्या मॉडेलमधून घेऊन दोन्हींचा एकत्र नकाशा करतात. जागतिक हवामान संघटनेनेही असं काम हाती घेतलं आहे. आपल्याकडे कोरडे आठ महिने बघता हा भाग लहान नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्यात नवी मुंबई आहे. त्यात भर धुळीच्या कणांवर आहे आणि तो असायलाच हवा. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बांधकामाची धूळ कमी झाली आणि सल्फर-नायट्रोजन तेवढंच राहिलं, तर आपल्या ग्लासातला सोडा कमी होईल आणि लिंबू तेवढंच राहील. हवा थोडी स्वच्छ आणि पाऊस जास्त आंबट, असं होऊ शकतं. धूळ कमी करू नये असं मी म्हणत नाही! दोन्ही बरोबर कमी करावं लागेल, आणि पावसातले घटक मोजले तरच ते होतंय की नाही हे कळेल. महाप्याला मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे. खाडीच्या या काठावर पावसाचे नमुने कायम धरणारी दोन-तीन ठिकाणं असावीत, एवढी मागणी नागरिक म्हणून आपण नक्की करू शकतो.

वर्गात काय करता येईल

आता आपल्या कामाचं. सामू मोजू नका असं मी म्हणणार नाही, पण त्यावर निष्कर्ष काढायला लावू नका. एक तर पीएच पेपर पावसाच्या पाण्यात फसवतो. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की कागदावरच्या रंगाचाच त्याच्यावर परिणाम होतो. जास्वंदीचा किंवा हळदीचा कागद तर यासाठी अजिबात नको. हळद आम्लात पिवळी ती पिवळीच राहते, आणि जास्वंदीला एवढा बारीक फरक कळत नाही. ते लिंबू-साबणापर्यंत ठीक. जवळच्या महाविद्यालयात मीटर असेल तर विनंती करा, आणि सामूबरोबर विद्युतवाहकताही मोजून मागा. वाहकता म्हणजे पाण्यात विरघळलेलं एकूण किती आहे याचा अंदाज. सामू चांगला आणि वाहकता जास्त, हा आपला लिंबू-सोडा. मुलांना तिथे खरा विचार करायला मिळतो. (समुद्राचं मीठही वाहकता वाढवतं, तेव्हा तेही आठवणीने सांगा.)

प्राथमिकच्या वर्गाला तर पाऊस मोजणंच पुरेसं आहे. सरळ कडांची बाटली, वर कापलेला भाग उलटा नरसाळ्यासारखा, बाजूला पट्टी. फक्त नरसाळ्याचं तोंड आणि बाटली सारख्याच रुंदीची हवी, नाहीतर मिलिमीटर चुकतील. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हे मुलांना पटायला वेळ लागतो, पण पटलं की बघा किती दारं उघडतात. सोयीसाठी पावसाळ्याचा पाऊस २५०० मिलिमीटर धरा आणि लिटरमागे २ मिलिग्रॅम सल्फेट आहे असं समजा. एका चौरस मीटरवर किती? ५००० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम. आपल्या १००० चौरस मीटरच्या मैदानावर? ५ किलो. पावसातून, न दिसता, ५ किलो! माझ्या वर्गातला एक मुलगा लगेच म्हणाला, "टीचर, मग ते झाडून काढता येईल का?" यावर अर्धा तास बोलता येतं.

मोठ्या वर्गांसाठी एक सावधगिरी. दोन दिवसांच्या सामूची सरासरी साधी बेरीज-भागाकाराने काढू नका. सामूची पट्टी दहाच्या पटीत चालते. एक दिवस ४ आणि दुसऱ्या दिवशी ६, पाऊस सारखाच, तर सरासरी ५ येत नाही. ४ च्या पाण्यात हायड्रोजन आयन ६ च्या पाण्यापेक्षा शंभर पट. १०० आणि १ यांची सरासरी ५०.५, आणि त्याचा सामू येतो सुमारे ४.३. शास्त्रज्ञ याच्याही पुढे जाऊन ज्या दिवशी पाऊस जास्त त्या दिवसाला जास्त वजन देतात. दहावीच्या मुलांना हे करून बघायला द्या.

नमुना धरताना एक फरक सांभाळा. उघडी ठेवलेली बादली दिवसभराची धूळही गोळा करते, म्हणून त्यातला सामू नेहमी थोडा वर येतो. केंद्रांवर झाकणाचं यंत्र असतं : थेंब पडला की झाकण आपोआप उघडतं, पाऊस थांबला की बंद. आपल्याकडे ते काम एका मुलाला द्या. पाऊस सुरू झाला की झाकण काढायचं, थांबला की लावायचं. पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी एका बाटलीत आणि नंतरचं दुसऱ्या बाटलीत धरा. पहिल्या सरी हवेतलं जास्त धुऊन आणतात, त्यामुळे दोन बाटल्यांतला फरकच पुष्कळ बोलतो. वहीत तारीख, वेळ, किती मिलिमीटर, वारा कुठून, आणि आधी किती दिवस कोरडे गेले हे लिहून घ्या. 

बाटल्या नळाच्या पाण्याने विसळू नका. नळाच्या पाण्यातले क्षार पावसाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, नमुना तिथेच बिघडतो. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी दुकानात मिळतं, त्याने दोन-तीनदा विसळा, आणि आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका, घामातही मीठ असतं. त्याच दिवशी तपासणं जमणार नसेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर जिवाणू त्यातलं अमोनियम खाऊन टाकतात. आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा. घरात पाहुणे आले की फ्रिजमधली थंड पाण्याची बाटली आधी उचलली जाते.